हाती खराटा, मुक्काम मांजरी

आमच्या कोथरूडच्या सोसायटीचा अंक दरवर्षी निघतो आणि दरवर्षी त्यात माझं प्रवासवर्णन असतं. स्वित्झर्लंड झालं, बाली झालं, चारधामही झालं. यंदा सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं.

"काय वहिनी, यंदा कुठे?"

"मांजरीला."

"अरे वा! कुणाचं फार्महाऊस?"

"नाही. शिक्षा."

सेक्रेटरी उतरता उतरता थांबले, परत वर आले आणि म्हणाले, "लिहा, लिहा. लोकांना काहीतरी वेगळं लागतंच." तेव्हा पुढच्या मजकुराला मी एकटी जबाबदार नाही.

आमच्या सोसायटीतल्या बहुतेकांनी हडपसरच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही, म्हणून आधी थोडी माहिती. मांजरीला ऊस आहे आणि उसाला खेटून बारा मजली इमारती आहेत. वरच्या बाल्कनीत योगा चाललेला असतो आणि खाली त्याच वेळी पाण्याची मोटर चालू करायला कुणीतरी चिखल तुडवत निघालेलं असतं. गाव आता महापालिकेत आहे. आमच्या ह्यांना नेमकं हेच मान्य नव्हतं, आणि आमचा प्रवास त्यातूनच उद्भवला.

हे नगररचनेच्या कचेरीतून निवृत्त झाले. सगळी नोकरी पुण्याचे नकाशे करण्यात गेली. शहराची हद्द कुठून कुठवर हे ह्यांना स्वतःच्या रक्तगटापेक्षा जास्त पक्कं ठाऊक. आमची मुलगी मुग्धा हडपसरला एका कंपनीत नोकरी करते. तिथल्याच सागरशी तिचं जमलं. सागर मांजरीचा. घरची शेती, चौकात खताचं दुकान, मुलगा कॉम्प्युटरवाला. मुलगा चांगला, माणसं चांगली. ह्यांनी पुष्कळ शोधूनही खोट सापडली नाही, तेव्हा "जरा लांब आहे," एवढंच म्हणाले.

साखरपुडा मांजरीच्याच मंगल कार्यालयात झाला. त्या दिवशीची एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. चहा झाल्यावर मी सवयीने आजूबाजूचे रिकामे कप गोळा करायला लागले, तर सागरच्या आईने, शालनताईंनी, माझ्या मनगटावर हलकीशी चापट मारली. "ठेवा तो कप! विहीणबाई हायसा तुमी. आमच्यात विहिणीनं उष्ट्याला हात लावायचा न्हाई." आमच्याकडे पाहुण्याने आपला कप बेसिनमध्ये ठेवला तर तो सुसंस्कृत समजतात. मला ती चापट फार आवडली.

त्यानंतर तासाभरात सगळ्याचा विचका झाला. सागरच्या मित्रांनी कार्यालयामागे एका गाडीच्या डिकीत वेगळी सोय केली होती. हे तिथे कसे पोचले कोण जाणे. एरवी हे लग्नात आईस्क्रीमसुद्धा घसा बघून घेतात. 'सरबत समजून घेतलं,' असा बचाव ह्यांनी पुढे वकिलाला सुचवला, पण वकिलाने तो कोर्टात मांडायला साफ नकार दिला. सरबताचे किती ग्लास झाले याचा हिशोब नाही. परिणाम मात्र अख्ख्या गावाने पाहिला. हे चौकातल्या पिंपळाच्या पारावर चढले, रस्त्यावरचा उसाचा ट्रॅक्टर हात करून थांबवला, ड्रायव्हरकडे कागदपत्रं मागितली आणि मग भाषण सुरू केलं.

"पुणे कुठे संपतं ते मला विचारा! हद्द मी आखलीय! मांजरी कागदावर आली असेल, पुण्यात आलेली नाही!"

मागे गाड्यांची रांग लागली. सागरचे वडील बबनराव ह्यांना उतरवायला पुढे आले, तर हे त्यांच्याकडे बोट करून म्हणाले, "आणि तुम्ही हो! व्याही झालात म्हणून पुणेकर झाला नाहीत!"

बबनरावांनी पुढे केलेला हात मागे घेतला. तो हात मागे जाताना मी पाहिला. आमच्या मुलीचं लग्न त्या हाताबरोबर मागे गेलं असं मला तेव्हाच वाटलं. पोलीस त्यानंतर आले.

दुसऱ्या दिवसापासून सागरच्या घरून फोन बंद. "लग्न मोडलं," असं कुणी म्हणालं नाही, तसंच "तारीख काढू," असंही कुणी म्हणालं नाही. सागर आणि मुग्धा रोज भेटत होती, पण मुग्धाने एक सांगून टाकलं. "आई, आम्ही उद्या कोर्टात सह्या करू शकतो. पण त्याचे आईबाबा तिथे नसतील तर मला ते लग्न नको." आणि बाबांशी तिने बोलणं सोडलं. मी ह्यांना म्हटलं, जाऊन माफी मागा. हे म्हणाले, "नकाशा काढून बघ, माझं काय चुकलं?" आमच्या घरात 'माझं चुकलं' हे वाक्य लग्नापासून माझ्याच खात्यावर आहे.

कोर्टात न्यायाधीशबाई तरुण होत्या. ह्यांनी दारू पिऊन चौकात गोंधळ घातल्याचा गुन्हा कबूल केला. नव्या कायद्यात अशा किरकोळ गुन्ह्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची सोय आहे, असं वकिलाने आम्हाला आधीच सांगितलं होतं. ह्यांचा बेत मात्र एक दिवस आत बसून यायचा होता. "झाडू हातात घेण्यापेक्षा कोठडी बरी. निदान चारचौघांत तरी नाही." न्यायाधीशबाईंनी ते ओठांवर येण्याआधीच ओळखलं असावं. म्हणाल्या, "आजोबा, आठवडाभर रोज सकाळी चौकाची सफाई. ज्या चौकात बोललात, त्याच चौकाची." ह्यांचा चेहरा पडला. मला वाटतं, शिक्षेपेक्षा 'आजोबा' जास्त लागलं असावं.

पहिली सकाळ

कोथरूडहून मांजरीला जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात विमान बंगळुरूला उतरतं, म्हणून प्रवासाबद्दल काही लिहीत नाही. मी बरोबर का गेले, हे मात्र लिहायला हवं. एक तर हे मधेच उतरून परत येतील याची मला खात्री होती. दुसरं म्हणजे, बबनरावांचं दुकान त्याच चौकात होतं आणि मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

मुकादम सुरेखाताई आमची वाट बघत उभ्या होत्या. त्या भागात झाडणाऱ्यांची सगळी टोळी त्यांच्या हाताखाली. ह्यांनी स्वित्झर्लंडला घेतलेली टोपी, ट्रेकिंगचे बूट आणि बागकामाचे हातमोजे असा जामानिमा केला होता. सुरेखाताईंनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला.

"हे शिक्षेला आलेत का सिंहगडला?"

मग त्यांनी ह्यांच्या हाती लांब दांड्याचा खराटा दिला. ह्यांनी तो घेतला, पारावर टेकवून ठेवला आणि खिशातून कागद काढून चौकाचा आराखडा काढायला बसले. पूर्व भाग, पश्चिम भाग, वाऱ्याची दिशा, कचरा जमवण्याच्या जागा. सुरेखाताई खांद्यावरून डोकावल्या. "नकाशा कोर्टाला द्या आजोबा. मला कचरा द्या."

मग हे झाडायला लागले. आराखड्यात वाऱ्याची दिशा बरोबर होती, पण झाडताना हे ती विसरले आणि सगळा पाचोळा बुटांवर परत आला. स्वित्झर्लंडमध्ये हेच गृहस्थ एका स्वच्छ गल्लीत उभे राहून "याला म्हणतात शिस्त," असं मला तीनदा म्हणाले होते. ती गल्ली कुणीतरी झाडत असेल हे तेव्हा आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी मदतीला उठले तर सुरेखाताईंनी हात आडवा केला. "ताई, तुमी बसा. शिक्षा त्यांची हाय. तुमी झाडलं तर मला कोर्टात सांगावं लागंल, की यांनी काम केलं न्हाई. मग पुना पयल्यापासून." म्हणून मी पारावर बसले. शेजारच्या टपरीवाल्याने चहा दिला. आपल्याकडे चहा मागितला की येतो, मांजरीत तो नको म्हटलं की येतो. आलं भरपूर आणि साखर त्याहून भरपूर, शेवटी उसाचं गाव ते.

समोर बबनराव दुकानात बसले होते. पेपर तोंडासमोर. तासाभरात पान उलटलं नाही, म्हणजे वाचत नव्हते. शालनताई डबा घेऊन आल्या, मला पाहिलं, थबकल्या आणि आत गेल्या. निघताना मी सगळ्यांचे रिकामे ग्लास गोळा करून टपरीवर नेऊन ठेवले. चौकात सगळे बघत होते, कुणी काही म्हणालं नाही. शालनताईही दारातून बघत होत्या. माझं मनगट वाट बघत होतं, हे मी इथे कबूल करते.

सुतळी

दुसऱ्या दिवशी लढाईला तोंड फुटलं. खताच्या पोत्याचं तोंड सुतळीने शिवलेलं असतं. बबनरावांनी गिऱ्हाइकासाठी एक पोतं उघडलं, सुतळी ओढून काढली आणि पेपरवरची नजर न हलवता दुकानाच्या पायरीखाली टाकली. हे नुकतेच तिथून झाडून पुढे गेले होते. हे मागे आले आणि त्यांनी सुतळी उचलली. बबनरावांनी दुसरं पोतं उघडलं.

त्या सकाळी मांजरीत खताला एवढी मागणी कशी आली कळेना. टपरीवरची मंडळी मोजत होती. "पडली!" असं कुणीतरी हळूच म्हणायचं आणि हे वळायचे. मला भीती वाटत होती, की आता हे खराटा टाकतील आणि हद्दीवर घसरतील. ह्यांचा कान लाल झाला होता. तो लाल झाला की आमच्या घरातली मांजरसुद्धा पलंगाखाली जाते. पण सुरेखाताई समोर उभ्या होत्या आणि ह्यांना कोर्टाची भीती होती. हे वाकले आणि सुतळी उचलली.

घरी जाताना बसमध्ये म्हणाले, "मुद्दाम टाकतात."

मी म्हटलं, "हो. तुम्हीही मुद्दाम बोलला होतात."

पुढे स्वारगेटपर्यंत हे खिडकीबाहेरच्या पाट्या वाचत होते.

बाजाराचा दिवस

आठवड्याच्या बाजारानंतरची सकाळ म्हणजे काय, हे कोथरूडला कळायचं नाही. कोबीची पानं, फुटके टोमॅटो, कांद्याची सालं, आणि त्यात बसलेली एक गाय जी कोणत्याच आराखड्यात नव्हती. हे तिच्याभोवती झाडत राहिले. पाठ धरली होती, पण तक्रार नाही. हातमोजे कधी काढून ठेवले मला कळलंही नाही.

तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर आला. तोच ट्रॅक्टर आणि तोच ड्रायव्हर. त्याने ह्यांना पाहिलं, करकचून ब्रेक मारला आणि वरूनच विचारलं, "सायेब, कागद दावू का?"

सगळा चौक हसला. टपरीवाल्याच्या हातून चहा सांडला. सुरेखाताईंनी पदर तोंडात धरला. समोर बबनरावांचा पेपरही थरथरला, ते मी नीट पाहिलं. ह्यांचा कान लाल झाला. मी पारावरून उठून उभी राहिले. ह्यांनी खराटा सरळ धरला, वाहतूक पोलिसासारखा हात केला आणि म्हणाले, "जाऊ द्या गाडी!"

ड्रायव्हरने जाता जाता उसाचं एक कांडं ह्यांच्या हातात दिलं. आम्ही ते परतताना बसमध्ये सोलून खाल्लं. इतका गोड ऊस मी कुठल्याच सहलीत खाल्लेला नाही. तो खाताना ह्यांनी विचारलं, "मघाशी बबनराव हसले का गं?"

"पेपर हसला," मी म्हटलं.

मग एका सकाळी मुग्धा आली. ऑफिसला जाताना तिने स्कूटर चौकात वळवली आणि बाबांच्या पुढ्यात उभी केली. वडील घामाघूम, शर्टावर धूळ, पायाशी कचऱ्याची टोपली. सागरच्या घरची माणसं समोर, गाव आजूबाजूला. हेल्मेट न काढता तिने बाटली पुढे केली. "बाबा, पाणी." कित्येक दिवसांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली. हे पाणी प्यायले, बाटलीचं झाकण लावलं, ते पुन्हा उघडून पुन्हा लावलं. ती गेल्यावर पारावर माझ्याशेजारी टेकले.

"ही रोज या रस्त्याने जाणार," ते म्हणाले.

"लग्न झालं तर."

"आणि लोक म्हणणार, ती बघा, त्या दारुड्याची मुलगी." त्यांचे डोळे भरले होते. मला एकदम त्यांची दया आली आणि रागही आला, कारण हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण तेव्हा आम्ही कोथरूडच्या सोफ्यावर होतो. एक दिवस कोठडीत बसून आले असते तर भिंतीची लांबी-रुंदी मापून, शिक्षा फिटली म्हणून मोकळे झाले असते. इथे रोज त्याच माणसांच्या समोर वाकावं लागत होतं.

शेवटची सकाळ

शेवटच्या दिवशी ह्यांनी टोपी घरीच ठेवली. मला बरं वाटत नव्हतं. शिक्षा आज संपणार, उद्यापासून आम्हाला मांजरीला यायला कारण नाही, आणि बबनरावांकडून अजून एक शब्द आलेला नव्हता. मी रोज ग्लास गोळा करत होते आणि रोज मला कुणी अडवत नव्हतं.

काम जवळजवळ झालं. बबनरावांच्या दुकानासमोरचा कोपरा तेवढा राहिला होता. ह्यांनी खराटा खाली ठेवला आणि पारावर चढायला लागले.

सुरेखाताई ओरडल्या, "ओ आजोबा! उतरा! आज काय पिऊन आलाय का?"

"चहा प्यालोय, टपरीवरचा," हे म्हणाले आणि उभे राहिले. त्या दिवशी ह्यांचा आवाज नदीपलीकडे गेला होता, आज पहिल्या रांगेलाही पुरला नाही. घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली.

"मंडळी, त्या दिवशी इथेच उभा राहून मी म्हणालो होतो, की मांजरी पुण्यात नाही. आयुष्यभर नकाशे काढले, त्याची घमेंड होती. आणि बबनराव, तुम्ही मला सांभाळायला हात पुढे केलात आणि मी तुमचा चारचौघांत अपमान केला. चारचौघांत केला म्हणून चारचौघांत सांगतो." इथे ते थांबले. "माझं चुकलं. माझ्या मुलीचं काही चुकलेलं नाही. तिला तुमच्या घरात यायचंय. माझा राग तिच्यावर काढू नका, एवढीच विनंती."

कुणी टाळी वाजवली नाही. मांजरीत अशा गोष्टीला टाळी वाजवत नाहीत. बबनरावांनी पेपरची घडी घातली, गल्ल्यावर ठेवली आणि पायऱ्या उतरून खाली आले. पाराशी येऊन उभे राहिले.

"झालं भाषान?"

"झालं."

"मंग उतरा खाली. त्यो कोपरा ऱ्हायलाय."

आणि त्यांनी हात पुढे केला. हे तो धरून खाली उतरले. सांगायला हवं, की उतरताना ह्यांचा गुडघा अडकला आणि दोघेही पडता पडता वाचले, पण हात सुटला नाही.

ह्यांनी कोपरा झाडला. बबनराव पायरीखाली वाकले, कालची राहिलेली सुतळी स्वतः उचलली आणि ह्यांच्या टोपलीत टाकली. मग कचऱ्याच्या हातगाडीवरचा दुसरा खराटा घ्यायला गेले, तर सुरेखाताई मधे आल्या. "बबनराव, तुमाला शिक्षा झालेली न्हाई. सोडा तो."

"दुकान माजं, कोपरा माजा."

"आणि शिक्षा त्यांची! त्यांचं काम त्यांनाच करू द्या, न्हाईतर उद्या पुना यावं लागंल त्यांना."

"मंग येऊ द्या की," बबनराव म्हणाले. "आमी कुटं नको म्हनतो?"

हे हसले. मी हसले नाही, कारण मला अजून खात्री नव्हती. मोठ्या मनाने माफ करणं वेगळं आणि मुलगी करून घेणं वेगळं. लग्नाचा शब्द अजून कुणीच काढलेला नव्हता.

शालनताईंनी दुकानातून हाक मारली. आत पोत्यांवर सतरंजी अंथरली होती आणि चहा आला होता. टपरीचा नव्हे, घरचा, कपबशीतला. सुरेखाताईंनाही बळेच बसवलं. ह्यांनी बबनरावांना विचारलं, की पोत्याची सुतळी एका ओढीत कशी काय निघते. बबनरावांनी एक पोतं पुढे ओढलं आणि शिकवायला लागले. ह्यांना ते जमेना. दोघे एका पोत्यावर वाकून भांडत होते, ते बघायला मला बरं वाटलं, पण बोलणं सुतळीच्या पुढे सरकेना. मी शालनताईंकडे पाहिलं. त्या बशीतला चहा फुंकत होत्या.

चहा संपला. आठवडाभराची सवय लागलेली. डोक्यात दुसरेच विचार असताना माझा हात आपोआप पुढे गेला. ह्यांचा कप घेतला, बबनरावांचा घेतला, सुरेखाताईंचा घेतला आणि उठायला लागले.

मनगटावर फट्कन चापट बसली.

"ठेवा तो कप!" शालनताई म्हणाल्या. "कितींदा सांगायचं?"

मी कप खाली ठेवले.